सोलापुरात चार दिवस, पाच सिनेमे

गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. ज्यांच्यावरून गाडीला हे नाव मिळालं ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन सोलापूरचे. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. लहानपणी आत्याकडे निघालो की बाबा गाडीत बसल्याबसल्या ही चार नावं माझ्याकडून म्हणून घ्यायचे. आता बाबा नाहीत, पण गाडी हलली की नावं आपसूक तोंडात येतात.

यावेळी निमित्त सिनेमाचं. उद्या एकाच दिवशी तीन मराठी सिनेमे लागतायत: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. त्याच दिवशी तेलुगूतला ‘मिराई’. आठवड्यापूर्वीचे दोन-तीन अजून पडद्यावर आहेत ते वेगळेच. दर शुक्रवारी नवा सिनेमा बघायची माझी सवय वीस वर्षांची आहे, पण बहुतेक वेळा पुण्यातल्या त्याच त्या दोन मल्टिप्लेक्समध्ये. परवा आत्याचा फोन आला: “गुडघ्याच्या ऑपरेशननंतर थेटरात गेलेच नाही बघ. प्रभावळकरांचा सिनेमा लागायलाय म्हणे. तू ये की, मला घेऊन चल.” आत्याने बोलावलं की मी जाते. आणि सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू अशा पाच भाषा रस्त्यावर ऐकू येणारं गाव आहे. सिनेमा इथे कसा बघितला जातो ते मला पुन्हा एकदा बघायचं होतं.

भिगवण गेलं, मग अंधारात जेऊर. नागराज मंजुळ्यांचं गाव. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ याच करमाळा तालुक्याच्या मातीतून आले, आणि रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे तीही याच जिल्ह्यातली. ‘सैराट’ला पुढच्या वर्षी दहा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत कितीतरी सिनेमांनी त्यातलं प्रेम उचललं, पळून जाणं उचललं, गाण्यांचा ठेका उचलला. विहीर, उसाचा फड, केळीची बाग यांची दिग्दर्शकाला असलेली आतली ओळख मात्र कुणाला उचलता आली नाही. ती उचलण्यासारखी गोष्टच नव्हे. ती ज्याची त्यालाच असते.

घरी पोचायला साडेदहा झाले. आत्या जागी. कडक भाकरी दह्यात मोडून, वर शेंगा चटणी. पुण्यात पाकिटातून मिळते ती चटणी कोरडी भुकटी असते. आत्याची उखळात कुटलेली असते, दाण्याचं तेल सुटून ती बोटांना लागते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. दुपारच्या खेळाला आत्या, मी आणि आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते. दादा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. अर्धा दिवस सुट्टी टाकून आला होता.

थिएटर अर्धंही भरलेलं नव्हतं. पहिला दिवस, दुपारची वेळ, त्यात पितृपक्ष. पुढच्या रांगांत कॉलेजची पाच-सहा पोरं, मध्ये आमच्यासारखी कुटुंबं, आणि कडेच्या खुर्चीत टोपी घातलेले एक आजोबा एकटेच.

‘दशावतार’ची गोष्ट मी पूर्ण सांगणार नाही, कारण ती ज्या वळणावर फिरते ते वळण प्रत्येकाने स्वतः अनुभवायला हवं. एवढंच सांगते: बाबुली मेस्त्री हा आयुष्यभर दशावतारात काम केलेला म्हातारा. नजर अधू होत चाललीय. मुलाला, माधवला, वाटतं की आता बाबांनी थांबावं, रात्री-अपरात्री जत्रेत उभं राहू नये. बाबुलीला थांबता येत नाही. गावावर खाणीची सावली पडतेय. एका बाजूला नाटक, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये बाप-लेक.

मी काही वर्षांपूर्वी कुडाळच्या बाजूला एका गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलाय. नाटक सुरू व्हायच्या आधी देवळामागे जाऊन पाहिलं होतं. जमिनीवर चटई. एका बल्बच्या उजेडात सगळे कलाकार हातात लहानसा आरसा धरून आपापला चेहरा आपणच रंगवत होते. एक जण भुवई काढत होता. लोटा घेऊन कुणीतरी अगदी जवळून गेलं, धक्का लागला, पण त्याची रेघ हलली नाही. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं हे ठरलं की संवाद रंगमंचावरच सुचत जातात. बाकडं हेच सिंहासन, बाकडं हाच पर्वत. बाईचं काम पुरुषच करतो, आणि पहाटे चारला तिच्या विलापाने समोरच्या बायका डोळे पुसतात. आधी आडदशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, ब्रह्मदेव, संकासुर, आणि मग आख्यान. हे सगळं करणारी माणसं सकाळी टेम्पोत बसून पुढच्या गावी जातात.

सुबोध खानोलकरांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट, पण त्यांना हे जग आतून माहीत आहे हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. रंगपट दाखवताना कॅमेरा घाई करत नाही. ‘रंगपूजा’ गाण्यात तर मला कुडाळची ती चटईच आठवली. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत. या वयात त्यांनी एवढी वेशभूषा, एवढे अवतार अंगावर घेतले याचं कौतुक सगळे करतील, आणि करायलाच हवं. मला मात्र त्यांची वेश नसतानाची दृश्यं जास्त भिडली. बाबुली नीट दिसत नसलेल्या जगात वावरतो तेव्हा त्याच्या मानेचा एक बारीक कल असतो, आवाजाच्या दिशेने गेलेला. वेश चढला की तो कल जातो. मान सरळ. अंधत्वाकडे चाललेल्या माणसाला रंग लागल्यावर दिसायला लागतं, हे त्यांनी एका शब्दाशिवाय दाखवलंय. शेजारून आत्या मला हळूच म्हणाली, “डोळं दिसंना झालंय, तरी कसं रंग लावायलाय बघ.” तिने कित्येक वर्षांपूर्वी ‘हसवाफसवी’ पाहिलं होतं. एकाच माणसाने सहा भूमिका केलेलं ते नाटक तिच्या मनात घर करून आहे.

उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका पटला नाही. सूडाची गोष्ट सुरू होते, महेश मांजरेकरांचा पोलीस अधिकारी येतो, तपास येतो, आणि खलनायक फारच एका रंगाचे होतात. खाण आणणारी माणसं सरळ राक्षसासारखी दाखवली की प्रेक्षकाला सोपं जातं. पण कोकणात खाणीला जमीन देणाऱ्या घराची अडचण, रोजगाराची ओढ हेही तितकंच खरं आहे. माधवच्या नोकरीत ती ओढ दिसली होती, पुढे ती विरते. संगणकावर केलेली काही दृश्यं कच्ची वाटली. तरीही प्रत्येक अवताराच्या वेळी सिनेमा पुन्हा रंगभूमीकडे वळतो आणि सावरतो, कारण तिथे शक्ती आकाशातून येत नाही, माणसाने पन्नास वर्षं केलेल्या कामातून येते. राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवताची, कल्पना तर अशी वापरलीय की ज्याला ती माहीत नाही त्याच्याही अंगावर काटा यावा. आणि मालवणी! आम्हा घाटावरच्या लोकांना चार शब्द निसटले, पण त्याने काही बिघडलं नाही.

संपल्यावर टोपीवाले आजोबा उठायला तयार नव्हते. झाडूवाला मुलगा त्यांच्या रांगेपर्यंत आला आणि न बोलता मागे वळून दुसऱ्या रांगेला गेला.

आत्या रिक्षात बसेपर्यंत गप्प. मग म्हणाली, “आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांना दाखवायला पाहिजे.”

रात्री वहिनीबरोबर ‘बिन लग्नाची गोष्ट’. आदित्य इंगळे यांचं दिग्दर्शन. प्रिया बापट आणि उमेश कामत ‘टाइम प्लीज’नंतर, म्हणजे २०१३ नंतर, आता एकत्र पडद्यावर आलेत. खऱ्या आयुष्यात नवरा-बायको असल्यामुळे त्यांच्या भांडणात एक सराव आहे. वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं उत्तर चेहऱ्यावर आलेलं असतं. वहिनीला निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांची जोडी जास्त आवडली, मलाही. विषय धीट आहे, मांडणी मात्र सुरक्षित. बघताना मजा आली, घरी येईपर्यंत बरंचसं विसरलं होतं. आदल्या खेळाचा बाबुली अजून डोक्यात होता, त्यामुळे कदाचित मी या सिनेमावर थोडा अन्यायही करत असेन.

शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळी एकटीच भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाला गेले. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथल्या युद्धात जखमींवर उपचार करत राहिला, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारला. वय ३२. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावरचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये आणला, स्वतः कोटणीसांची भूमिका केली आणि जयश्रीबाईंनी त्यांच्या चिनी पत्नीची.

मला नेहमी या तारखांचं आश्चर्य वाटतं. माणूस गेल्यावर चार वर्षांच्या आत सिनेमा. तेव्हा कोटणीस पुतळा झालेले नव्हते. घरच्यांच्या, सहकाऱ्यांच्या आठवणी ताज्या होत्या. आजचे चरित्रपट माणसाचा पूर्ण पुतळा होईपर्यंत थांबतात आणि मग पुतळ्याचीच गोष्ट सांगतात: संगीत चढतं, वारा सुटतो, कॅमेरा खालून वर बघतो. स्मारकात फोटोंसमोर उभं राहिल्यावर दिसतो तो एक हडकुळा, हसरा तरुण.

दुपारी ‘आरपार’. ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे, दिग्दर्शक गौरव पत्की. मला तो मनापासून बघायचा होता, कारण मराठीत झपाटलेल्या प्रेमाची गोष्ट कॉलेजच्या वयाच्या मुलांना समोर ठेवून फार कमी वेळा सांगितली जाते. तिकीट काढलेलं होतं. दारापर्यंत गेले तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “खेळ रद्द झालाय मॅडम. चारच तिकिटं गेली होती.” पैसे लगेच परत मिळाले, मुलगा नम्र होता, त्याचा काहीच दोष नाही. पण मला फार वाईट वाटलं. एका थिएटरात दिवसाला एकच खेळ, तोही दुपारी बाराचा, शनिवारी, जेव्हा निम्मी मुलं क्लासला असतात. मग चार तिकिटं गेली म्हणून तो रद्द, आणि मग पुढच्या आठवड्यात ‘प्रतिसाद नाही’ म्हणून सिनेमाच गेला. ही साखळी प्रत्येक मराठी निर्मात्याला तोंडपाठ आहे. तरीही तीन सिनेमे एकाच शुक्रवारी आणले जातात. प्रेक्षक तोच, खिसा तोच, आठवड्यातल्या मोकळ्या संध्याकाळी दोन. तिघांनी एकमेकांशी बोलून पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवलं असतं तर आज मी ‘आरपार’वर लिहीत असते.

त्याच मुलाला विचारलं की पुढच्या शुक्रवारी ‘साबर बोंडं’ लागणार का. रोहन कानवडे यांचा मराठी सिनेमा, यावर्षी सनडान्स महोत्सवात जागतिक विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला. मुलाने नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. “यादी बुधवारी येते,” म्हणाला. सोलापूरच्या माळावर निवडुंग उन्हाळ्यात लाल फळांनी भरलेला असतो. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने बोंडं तोडताना बोटांत काटे घेतलेत. हे नाव ज्या गावाला समजावून सांगावं लागणार नाही त्या गावात तो लागावा, एवढीच इच्छा.

हातात वेळ होता म्हणून तिथेच ‘द कॉन्ज्युरिंग: लास्ट राइट्स’ हिंदीत पाहिला. १९८६ मधलं पेनसिल्व्हेनियातलं स्मर्ल कुटुंब, आणि भुताखेतांचा छडा लावणारं एड-लोरेन वॉरन हे जोडपं शेवटच्या वेळी. नवरीचे कपडे घालून बघायच्या खोलीत आरशांपुढे आरसे आणि त्यात एकीच्या अनेक जणी, हे दृश्य सुंदर रचलंय. पण ज्या घरात भूत आहे त्या घरातल्या माणसांशी आपली ओळखच नीट होत नाही, सिनेमा वॉरन कुटुंबाच्या निरोपात रमतो. ज्याची काळजी वाटत नाही त्याच्यासाठी भीती कशी वाटणार? मागे बसलेल्या मुलांनी पुढच्या दचक्याची वेळ आधीच ओळखली होती आणि ती बरोबर निघाली.

संध्याकाळी ‘मिराई’. हा मी मुद्दाम पूर्व भागात, तेलुगूत बघायचा ठरवला होता. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे गिरण्या आणि मागांच्या काळात तेलंगणाच्या बाजूने आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. पिढ्यान् पिढ्या इथे राहून घरात तेलुगू, दुकानात मराठी. मार्कंडेयाचं मंदिर, कन्ना चौक, मागांची खटखट. दादाबरोबर कारखान्यात काम करणारे एक काका, त्यांची बायको आणि कॉलेजात बी.कॉम. करणारी मुलगी असे आम्ही सहा जण. मुलगी माझ्या शेजारी बसली. “आत्या, मी सांगत जाते तुम्हाला.” तिने मला आत्या म्हटलं आणि मी त्या घरची झाले.

खुर्च्या जुन्या, थिएटर मात्र गच्च. पडद्यावर नाव आलं आणि शिट्ट्यांनी पुढचं मिनिटभर काही ऐकू आलं नाही. गोष्ट अशी: कलिंगाच्या युद्धानंतर सम्राट अशोक आपली अफाट शक्ती नऊ ग्रंथांत बंद करतो आणि नऊ रक्षकांकडे सोपवतो. आजच्या काळात महाबीर लामा ते ग्रंथ गोळा करत सुटलाय. ते काम मांचू मनोजने केलंय, अंगात सळसळ असलेलं. त्याला अडवायचं काम वेदा नावाच्या अनाथ मुलाकडे येतं. तेजा सज्जा हा नट सुपरहिरो असूनही शेजारच्या पोरासारखा दिसतो, हे त्याचं भांडवल. श्रिया सरन त्याची आई, अंबिका. दिग्दर्शक कार्तिक घट्टमनेनी मुळात छायाचित्रकार, त्यामुळे चौकटी भरगच्च, रंग श्रीमंत. संपाती पक्ष्याचं दृश्य आलं तेव्हा बाल्कनीतली लहान मुलं उभी राहिली.

मला काय वाटलं? थकवा आला. प्रत्येक अडचणीवर पुराणातून एक अस्त्र काढायचं, मग त्याहून मोठी अडचण, मग त्याहून मोठं अस्त्र. पुराण म्हणजे शस्त्रागार झालं. पावणेतीन तासांत वेदाच्या बोटाला एकदाही खरचटल्यासारखं वाटलं नाही. बाबुलीचा अवतार आणि वेदाचं दिव्य अस्त्र लागोपाठच्या दोन दिवशी पाहिल्यामुळे फरक फार डोळ्यांत भरला. एकाने ते आयुष्य घालवून मिळवलंय, दुसऱ्याला ते दिलं गेलंय. पण मी हे मत घेऊन घरी गेले ते पूर्ण नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळच्या खेळाला दादा आणि मी ‘लोका चॅप्टर १: चंद्रा’. मूळ मल्याळम, आम्ही हिंदीत पाहिला. २८ ऑगस्टला केरळात लागला, दुल्कर सलमानच्या संस्थेची निर्मिती, दिग्दर्शक डॉमिनिक अरुण. केरळात ‘कळियंकाट्टू नीली’ ही यक्षी पिढ्यान् पिढ्या भीती घालण्यासाठी सांगितली गेली. रात्री वाटेवर भेटणारी, पुरुषांना भुलवून मारणारी, आणि शेवटी कडमट्टत्तू कत्तनार या धर्मगुरूने काबूत आणलेली. हा सिनेमा त्याच नीलीला आजच्या बंगळुरूत आणतो आणि विचारतो की गोष्ट तिच्या बाजूने सांगितली तर? ही नीली आता चंद्रा, म्हणजे कल्याणी प्रियदर्शन, आणि ती फार कमी बोलते. समोरच्या फ्लॅटमधला सनी, म्हणजे नस्लेन, तिच्याकडे बघत राहतो, आणि त्याच्या बावळट दोस्तांमुळे भीतीला हसूही लागतं. शक्ती बाईकडे, गोंधळ पुरुषांकडे, आणि त्याबद्दल कुणी भाषण देत नाही. शेवटचा अर्धा तास पुढच्या भागांची तयारी करण्यात जातो आणि चंद्रा स्वतः थोडी मागे पडते, ही माझी तक्रार. पण लोककथा उचलताना ती आधी कुणी, कुणाला, कशासाठी सांगितली याचा विचार केलेला सिनेमा मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

दुपारी पूर्व भागातल्या त्या घरी जेवायला बोलावणं होतं. जेवण झाल्यावर काकू ओट्यावर जाऊन बसल्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोऱ्याची रिळं. शेजारच्या तीन बायका आपापली सुपं घेऊन आल्या. त्या विड्या वळतात, घरूनच, लग्नाआधीपासून. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमटीने तंबाखू, दोन बोटांत पान गुंडाळायचं, टोक नखाने आत दुमडायचं, दोरा. एक विडी व्हायला मला श्वास घेण्याइतका वेळ दिसला. कालचा सिनेमा या तिघींनी बघितला नव्हता. काकूंनी हात न थांबवता ‘मिराई’ सांगायला सुरुवात केली. तेलुगूत, मध्येच मराठी. मुलगी माझ्या कानात भाषांतर करत होती.

आणि तो वेगळाच सिनेमा होता. काकूंच्या सांगण्यात अशोक दोन वाक्यांत संपला. पक्षी आलाच नाही. सगळी गोष्ट अंबिकेची: पोटातलं बाळ मोठं होऊन काय करणार आहे हे जिला आधीच दिसलंय, आणि म्हणूनच जिने त्याला जन्मल्याजन्मल्या दूर ठेवलं. “आईला माहीत असतं बाई, पण सांगता येत नाही,” हे काकूंनी मराठीत म्हटलं, बहुतेक माझ्यासाठी. समोरच्या एकीचे हात थांबले होते. तिचा मुलगा पुण्याला कामाला आहे आणि सहा महिने आलेला नाही, हे मला नंतर मुलीने सांगितलं. वेदाच्या मारामाऱ्यांबद्दल कुणीतरी विचारलं तर काकू म्हणाल्या, “होत्या की खूप,” आणि पुन्हा आईकडे गेल्या.

मी काल ज्या सिनेमाला कंटाळले त्यातला सगळ्यात खरा धागा त्यांनी बरोबर काढून घेतला होता. दिग्दर्शकाने तो अस्त्रांच्या ढिगाखाली ठेवला, काकूंनी वर आणला. मी श्रिया सरनच्या वाट्याची दृश्यं चांगली आहेत एवढंच मनात नोंदवून पुढे गेले होते. ‘मिराई’बद्दलचं माझं मत त्या ओट्यावर बदललं. सिनेमा अजूनही लांब आहे, अस्त्रांची गर्दी आहेच, पण त्याच्या पोटात एक आईची गोष्ट आहे आणि ती पोचते. माझ्यापर्यंत काल पोचली नव्हती.

उठताना काकूंनी विडीचा एक कट्टा बांधून बाजूला ठेवला. मोजला नाही, हाताला कळतं म्हणाल्या.

संध्याकाळी आत्याला घेऊन सिद्धेश्वराला. पाऊस थांबला होता. तळ्याच्या पाण्यात देवळाचे दिवे, एका बाजूला भुईकोट किल्ल्याची काळी भिंत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं खणवलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केली. रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी. म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सगळं गाव ते लग्न पुन्हा लावतं: पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावर ‘सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम’ असा घोष आणि लाखो लोकांच्या हातातल्या अक्षता. दुसऱ्या दिवशी होम.

मी लहानपणी आत्याच्या कडेवर बसून अक्षता टाकल्यात. त्या मुलीचं नाव काय, तिला काय वाटलं असेल, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आज सकाळी नीलीला पाहून आल्यामुळे सुचलं. आत्याला विचारलं. ती बराच वेळ तळ्याकडे बघत राहिली. “कुंभारकन्या म्हणतात तिला,” म्हणाली. “नाव आम्हीपण कधी विचारलं नाही गं.” मग जरा थांबून, “पण बांगड्या भरतात बघ तिच्या नावानं. लग्न खरंच असतं ते.”

असा सिनेमा कुणी केला तर तो सोलापूरच्याच माणसाने करावा असं मला वाटतं. ज्याच्या आजीने त्या अक्षता टाकल्यात, ज्याच्या घरात कुणीतरी नंदीध्वज पेललाय, ज्याला ती काठी किती जड असते ते ठाऊक आहे. भक्तीला धक्का न लावता त्या मुलीशेजारी बसता येईल असं कुणीतरी.

येताना रिक्षा परवाच्याच थिएटरावरून आली. ‘दशावतार’च्या संध्याकाळच्या खेळाला ‘हाउसफुल’ची पाटी, बाहेर बायका-मुलांची गर्दी, आणि पुढच्या खेळासाठी थांबलेले लोक. दोन दिवसांपूर्वी अर्धं रिकामं होतं. कुणी जाहिरात केली नव्हती, बघून आलेल्यांनी घरी जाऊन सांगितलं होतं. आत्याने रिक्षा थांबवायला लावली, काठी टेकत खिडकीपाशी गेली आणि सोमवार दुपारच्या खेळाची नऊ तिकिटं काढली.

सोमवार, १५ सप्टेंबर

दुपारची गाडी. दादा स्टेशनवर सोडायला आला, हातात काकूंनी पाठवलेली शेंगा चटणीची पिशवी. आत्या आली नाही. ती आणि भजनी मंडळातल्या आठ जणी दोन रिक्षांतून थिएटरात गेल्या होत्या.

कुर्डुवाडी यायच्या आत मीच फोन लावला. मध्यंतर चाललं असावं, मागे वेफर्सच्या पिशव्यांचा आवाज आणि सात-आठ बायकांचा एकदम बोलण्याचा गलका.

“काय म्हणतायत सगळ्या?”

“रडायल्यात,” आत्या म्हणाली. “परवा मी रंग लावायचं नीट बघितलंच नव्हतं गं, गोष्टीच्या नादात राहिले. आज तेवढंच बघितलं. उजव्या हातानं लावतो आणि डाव्यानं आरसा धरतो, आणि आरशात बघतच नाही तो, बघितलंस का तू? ठेव आता, दिवे गेले.”